बुद्धिबळात वजीर दिला, हातात मात नाही की बदल्यात वजीर नाही. इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, याची किंमत कशी लावतं?

चौसष्ट घरं

गेल्या रविवारी दादरला एका स्पर्धेत चौथ्या फेरीत मी वजीर दिला. चुकून गेला नाही, समजून-उमजून दिला.

काळ्या मोहऱ्यांनी किंग्ज इंडियन बचाव खेळत होतो. समोरच्याने एफ३ करून त्यातला सेमिश नावाचा प्रकार धरला. मी घोडा एच५ ला नेला, वजिराने एच४ वरून शह दिला, त्याने जी३ मध्ये घातलं, घोड्याने ते प्यादं खाल्लं. पुढच्या काही चालींत माझा वजीर गेला आणि त्याचे दोन्ही उंट आणि दोन प्यादी माझ्याकडे आली. ही कल्पना माझी नाही. १९५६ च्या ॲमस्टरडॅम कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, ब्रॉन्स्टाइनने स्पास्कीविरुद्ध हेच केलं होतं. तो डाव स्पास्की जिंकला, हे ठाऊक असूनही मी खेळलो, कारण ही स्थिती मला मनापासून आवडते.

वजीर देऊन पाच चालींत मात करणं वेगळं. ते मोजता येतं. इथे मोजण्यासारखं काहीच नव्हतं. मध्य बंद, माझे दोन उंट, त्याच्याकडे एकही उंट नाही, आणि त्याच्या वजिराला धावायला मोकळी पट्टी नाही. बस, एवढ्यावर तीन तास बसलो. ४७ चालींनी बरोबरी झाली.

परतताना लोकलमध्ये फोनवर डाव घातला आणि १४ व्या चालीनंतरच्या स्थितीवर इंजिन सोडून दिलं. माहीमला त्याच्या मते पांढरा सव्वादोन गुणांनी पुढे होता. अंधेरीला दीड. बोरिवलीला उतरताना एक पॉइंट दोन. पट तोच, एकही मोहरा हललेला नाही, आणि आकडा निम्म्यावर आला.

प्रश्न असा: या तीन आकड्यांपैकी कुठल्यावर विश्वास ठेवायचा? आणि मुळात ज्या प्रोग्रॅमला वजीर म्हणजे नऊ गुण असं शिकवलंय, त्याला चाळीस चालींनंतर फळणारा त्याग कळतो तरी कसा?

विरार फास्ट

विरारपर्यंत बसला असतात तर बरोबरी दाखवली असती :)

बाकी एक खरंच सांगतो. फोन तापला की इंजिनाचा वेग पडतो, आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आवृत्तीत स्थिती जोखणारं न्यूरल जाळं बऱ्याचदा छोटं वापरलेलं असतं. घरी लॅपटॉपवर पुन्हा लावून बघा.

शिवाजी पार्क कट्टा

चौसष्टराव, तुमचं अभिनंदन आधी करतो. हा त्याग प्रत्यक्ष स्पर्धेत करणारा माणूस मला गेल्या कित्येक वर्षांत भेटला नव्हता.

या विषयावर बोलायचं आणि सोव्हिएत खेळाडू नेझमेत्दिनोवचं नाव घ्यायचं नाही, हे होणार नाही. १९६२, रोस्तोव, समोर चेर्निकोव. ऐंशीच्या दशकात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर एका जुन्या सोव्हिएत पुस्तकात मला हा डाव मिळाला. पुस्तकाची पाठ निघाली होती, ती मी खळ लावून चिकटवली. आजही आहे.

सिसिलियन बचाव. ११ व्या चालीला काळ्याने उंट एफ६ ला आणून पांढऱ्याच्या एच४ वरच्या वजिरावर रोखला. मनात बरोबरी होती: वजीर एच६, उंट जी७, वजीर एच४, उंट एफ६, तीनदा झालं की हस्तांदोलन. नेझमेत्दिनोवने १२ व्या चालीला त्या वजिरानेच उंट मारला. काळ्याने आधी घोड्याने ई२ वर शह दिला, तो घोडा गेला, मग ई-प्याद्याने वजीर घेतला. हिशेब काय? वजिराच्या बदल्यात एक उंट आणि एक घोडा. शह नाही, धमकी नाही, आणि पुढची चाल काय, तर घोडा शांतपणे सी३ ला परत! वजीर देऊन घोडा मागे घेणारा माणूस!

मग घोडा डी५ वर बसला, उंट डी४ वर, हत्ती डी३ वरून एफ३ ला. २१ व्या चालीला एफ६ पडलं, २२ व्याला एच७. २९ व्याला हत्तीने एच८ वर शह देऊन स्वतःला झोकून दिलं, पाठोपाठ घोड्याने एफ७ वर शह देता देता डी८ वरचा वजीर टिपला. ३३ व्या चालीनंतर काळ्याने डाव सोडला.

हा माणूस पाच वेळा रशियन प्रजासत्ताकाचा विजेता होता आणि ग्रँडमास्टर किताब त्याला कधीच मिळाला नाही. नव्वदच्या दशकात मी हा डाव एका मित्राच्या संगणकावर घातला. त्याने काळा जिंकतोय असं सांगितलं आणि शेवटच्या दहा चालींपर्यंत सांगतच राहिला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: यंत्र वजन करतं, स्थिती जाणत नाही.

मेधा पवई

काका, डाव सुंदर सांगितलात. निष्कर्षाशी मात्र मी अर्धीच सहमत आहे. तुमच्या मित्राच्या संगणकाबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. आजच्या इंजिनाबद्दल नाही.

माझं रोजचं काम मशीन लर्निंगचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये दोन गोष्टी असतात. एक म्हणजे शोध: मी असं खेळले, त्याने तसं, मग मी असं. दुसरं म्हणजे मूल्यमापन: शोध जिथे थांबतो त्या स्थितीकडे बघून एक आकडा सांगणं. क्लॉड शॅननने १९५० च्या निबंधात याची पहिली नीट मांडणी केली: वजीर ९, हत्ती ५, उंट ३, घोडा ३, प्यादं १, जोडप्याद्यांना (एकाच पट्टीवर एकामागे एक उभ्या प्याद्यांना) थोडी वजाबाकी, मोहऱ्यांना हलायला जितकी जास्त घरं तितकी थोडी बेरीज. पुढची साठ-सत्तर वर्षं मुख्य प्रवाहातली इंजिनं याच पायावर उभी राहिली, फक्त बेरजेतली कलमं वाढत गेली.

आता वजीर दिलात आणि फळ चाळीस चालींनी येणार असेल, तर ते शोधाच्या टप्प्यात येतच नाही. सगळा भार मूल्यमापनावर पडतो. ते जर पुरेसं सूक्ष्म नसेल, तर इंजिन कितीही वेगवान असो, उत्तर चुकणारच.

लॅरी कॉफमनने १९९९ मध्ये मास्टरांच्या डावांचा मोठा साठा तपासून मोहऱ्यांच्या किमती सुधारल्या. वजीर पावणेदहा, हत्ती पाच, उंट आणि घोडा सव्वातीन, आणि दोन्ही उंट शाबूत असतील तर वर अर्धा गुण. या किमती लावून तुमचे दोन डाव बघा.

काकांचा डाव: पांढऱ्याकडे दोन उंट आणि घोडा, म्हणजे पावणेदहा आणि जोडीचा अर्धा, सव्वादहा. काळ्याकडे वजीर आणि एक उंट, म्हणजे तेरा. हत्ती आणि प्यादी सारखी. तूट पावणेतीन.

चौसष्टरावांचा डाव: गेला वजीर, पावणेदहा. आले दोन उंट आणि दोन प्यादी, साडेआठ. उंटांची जोडी आता फक्त त्यांच्याकडे, म्हणून आणखी अर्धा. नऊ. तूट फक्त पाऊण!

दोन्हींना आपण 'वजिराचा त्याग' असं एकच नाव देतो, पण एकात पाऊण प्याद्याएवढं देणं फेडायचंय, दुसऱ्यात जवळजवळ एका मोहऱ्याएवढं. ब्रॉन्स्टाइनचा त्याग जुन्या इंजिनालाही निदान विचारात घेण्यासारखा वाटेल. नेझमेत्दिनोवचा वाटणार नाही.

उंटावरचा शहाणा

मेधाताईंनी मूल्यमापनाची बाजू मांडली. पण शोधाचीही या त्यागांशी जुनी अढी आहे, ती सांगायला हवी.

इंजिन सगळ्या चाली सारख्या खोलीपर्यंत बघत नाही. तसं केलं तर जन्म पुरणार नाही. आधी चालींना रांगेत लावतं. मारामारीची चाल असेल तर त्या एका घरावरच्या देवाणघेवाणीचा झटपट हिशेब करतं: वजिराने उंट मारला, प्याद्याने वजीर मारला, तीन आले नऊ गेले. तोट्याची मारामारी म्हणून ही चाल रांगेत शेवटी जाते. रांगेत मागे असलेल्या चालींना इंजिन कमी खोलीपर्यंत तपासतं, आणि झाडाच्या टोकाकडे तर तशा चाली न बघताच छाटून टाकतं.

म्हणून काकांच्या डावातली १२ वी चाल स्वतः पटावर खेळून दाखवली तर इंजिनाचं मत एक असतं, आणि ११ व्या चालीपासून 'तूच शोध' म्हटलं तर बराच वेळ ती यादीतही दिसत नाही. चौसष्टरावांचा आकडा माहीमहून बोरिवलीला जाईपर्यंत उतरला त्यामागेही असंच काहीतरी असणार. आधी मागे टाकलेल्या काळ्याच्या चाली खोली वाढल्यावर पुन्हा तपासल्या गेल्या आणि बऱ्या निघाल्या.

पार्ल्याचा कोच

नेझमेत्दिनोवच्या डावात मुलांना मी एकच गोष्ट दाखवतो. डी५ वरचा घोडा. त्याला हुसकायला काळ्याला सी६ किंवा ई६ वर प्यादं आणावं लागेल. पण सी-प्यादं सुरुवातीलाच डी४ वर मारलं गेलं, आणि ई-प्यादं? ते तर वजीर खायला एफ६ वर गेलं! म्हणजे वजीर घेतानाच काळ्याने घोड्याला कायमचं घर लिहून दिलं. शिवाय काळ्याचा काळ्या घरांवरचा उंट गेलेला, त्यामुळे पांढऱ्याच्या त्या रंगाच्या उंटासमोर उभं राहायला कुणीच नाही.

मी वर्गात विचारतो, या पटावर काळ्याचा वजीर काय करतोय ते सांगा. मुलं दहा मिनिटं बघतात. ए५ वरून तो शेवटी डी८ वर येऊन बसतो आणि तिथेच मरतो. नऊ गुणांचा मोहरा पूर्ण डावात कामाला लागला नाही. मोहऱ्याला किंमत असते ती तो काय काम करतोय त्याची, आणि हे पटाच्या बाहेर बसून ठरत नाही.

गिरगावकर

अवांतर होईल, पण 'वजीर' या शब्दावरून राहवत नाही. जुन्या शतरंजमध्ये वजीर पटावरच्या अगदी दुबळ्या मोहऱ्यांपैकी होता. एका वेळी एकच घर, तेही तिरपं. हत्ती तेव्हाही सरळ धावायचा, वजीर मात्र राजाच्या पदराला धरून. आजची सगळीकडे धावणारी चाल त्याला पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळाली. युरोपने त्याचं राणी केलं, आपण चाल नवी घेतली आणि नाव जुनंच ठेवलं. म्हणजे नऊ गुण हे त्याच्या जन्माचे नाहीत.

लहानपणी आमच्या चाळीच्या गच्चीवर आजोबा वजिराला हात लावण्याआधी पटाला नमस्कार करायचे. वजीर गेला की डाव सोडायचे, पुढे खेळणं त्यांना कमीपणाचं वाटे. नेझमेत्दिनोवचा डाव त्यांना दाखवायला मिळायला हवा होता.

विरार फास्ट

गिरगावकर, तुमच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली. आमच्याकडे आता मुलं 'क्वीन' म्हणतात, मी घरी हट्टाने वजीर म्हणतो.

शिवाजी पार्क कट्टा

मेधाताई, आकडेमोड पटली. पावणेतीन आणि पाऊण हा फरक मला इतक्या वर्षांत कुणी असा दाखवला नव्हता. पण मग सांगा, आजचं इंजिन त्या डी५ च्या घोड्याला काय भाव देतं? कोचसाहेब म्हणतात ते 'कायमचं घर' त्याला दिसतं का?

मेधा पवई

काका, दिसतं. आणि कुणी शिकवल्याशिवाय दिसतं, हीच मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

डिसेंबर २०१८ मध्ये अल्फाझीरो या प्रोग्रॅमचा पूर्ण निबंध 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत आला. त्याला नियमांपलीकडे काही दिलं नव्हतं. वजीर नऊ हेसुद्धा नाही. स्वतःशीच सुमारे ४.४ कोटी डाव खेळून ते शिकलं. मग स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनाशी १००० डाव झाले: १५५ जिंकले, ६ हरले, बाकी बरोबरी. सेकंदाला ते सुमारे ६० हजार स्थिती बघत होतं आणि स्टॉकफिश सुमारे ६ कोटी. म्हणजे शोध हजारपट कमी होता, तरी वरचढ ठरलं, कारण प्रत्येक स्थितीबद्दलचा अंदाज जास्त खरा होता. त्या डावांमध्ये प्यादी आणि मोहरे देऊन समोरच्याचा उंट किंवा हत्ती वीस-तीस चाली कोपऱ्यात कोंडून ठेवलेला दिसतो. अगदी कोचसाहेबांनी सांगितलेल्या त्या बेकार वजिरासारखा.

पण तुमच्या फोनमध्ये अल्फाझीरो नाही, स्टॉकफिश आहे. तिथला बदल सप्टेंबर २०२० च्या १२ व्या आवृत्तीत झाला. यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगीसाठी, म्हणजे जपानी बुद्धिबळासाठी, एक छोटं आणि चपळ न्यूरल जाळं तयार केलं होतं. त्याचं नाव एनएनयूई. साध्या प्रोसेसरवर पळावं अशीच त्याची रचना: एक मोहरा हलला की सगळं पुन्हा मोजायचं नाही, बदललेला भागच मोजायचा. ते स्टॉकफिशमध्ये आलं आणि २०२३ मध्ये हाताने लिहिलेलं जुनं मूल्यमापन काढूनच टाकलं. आज त्याच्या मूल्यमापनाचा पाया 'वजीर नऊ' ही ओळ नाही.

या जाळ्याला प्रत्येक मोहरा राजाच्या जागेच्या संदर्भात दिसतो. डी५ वर पांढरा घोडा, काळा राजा जी८ ला, एफ६ वर काळं प्यादं, सी आणि ई पट्टीवर काळं प्यादं नाही: या सगळ्याचा एकत्रित परिणाम ते कोट्यवधी स्थितींवरून शिकलेलं असतं. 'कायमचं घर' हा शब्द त्याला माहीत नाही. पण अशा स्थितींतून पुढे काय निकाल लागले, हे त्याच्या आकड्यांमध्ये मुरलेलं आहे.

आणि चौसष्टराव, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. तो आकडा आता प्यादी मोजत नाही. डिसेंबर २०२२ च्या १५.१ आवृत्तीपासून 'एक' याचा अर्थ असा ठरवला आहे की इंजिन स्वतःशी खेळलं तर त्या बाजूची जिंकण्याची शक्यता ५० टक्के. तुम्ही एक पॉइंट दोन वाचलंत आणि 'मी सव्वा प्याद्याने मागे' असं समजलात. खरा अर्थ आहे: बिनचूक खेळणाऱ्यांमध्ये हा डाव पांढरा निम्म्याहून थोडा जास्त वेळा जिंकेल, बाकीचे बहुतेक बरोबरीत सुटतील. दादरच्या चौथ्या फेरीत, घड्याळात वीस मिनिटं उरलेली असताना, समोर बिनचूक खेळणारा कोण होता?

लॅमिंग्टन रोड

दोन वर्षांपूर्वी पैसे साठवून लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेतलं, केवळ लीला चालवण्यासाठी. लीला म्हणजे अल्फाझीरोच्या पद्धतीने २०१८ पासून स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकांवर शिकवलेलं मुक्त इंजिन. ती एका आकड्याऐवजी जिंकणं, बरोबरी, हरणं असे तीन भाग दाखवू शकते. अशा त्यागांसाठी हे फार उपयोगी. साधा शून्य, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, दोन प्रकारचा असतो: एक मेलेली बरोबरी, आणि दुसरा, जिथे दोघांनाही जिंकायची आणि हरायची संधी आहे. ब्रॉन्स्टाइनच्या स्थितीसारख्या ठिकाणी हा फरक डोळ्यांना दिसतो.

पण लीलाचीही एक खोड आहे. तिचं जाळं आधी 'कुठल्या चाली बघण्यासारख्या' याचा अंदाज देतं. वजीर देण्याला तिने अगदी थोडा वाटा दिला तर तिकडे ती फार कमी वेळा फिरकते. म्हणजे उंटावरच्या शहाण्यांनी सांगितलेली रांग इथेही आहे, फक्त ती नियमाने नाही, शिकलेल्या अंतःप्रेरणेने लावलेली.

उंटावरचा शहाणा

+१. आणि काकांच्या डावाबद्दल एक राहून गेलं. १२ व्या चालीला पांढऱ्यापुढे पर्याय काय होते? तीनदा पुनरावृत्ती, म्हणजे शून्य. किंवा वजीर. समजा इंजिनाला त्याग अगदी थोडासाच कमी वाटला, तरी ते शून्यच निवडणार, कारण त्याच्या लेखी समोर स्वतःइतकाच ताकदीचा खेळाडू आहे. स्टॉकफिशमध्ये पूर्वी बरोबरी टाळायला लावणारी 'कंटेम्प्ट' नावाची सोय होती, ती याचसाठी. नेझमेत्दिनोवला जिंकायचं होतं. हा हेतू आकड्यात येत नाही आणि येणारही नाही. इथे मी काकांच्या बाजूने आहे.

स्नेहलची आई

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, माटुंग्याला शिकायला जाते. डाव संपला की आधी ती इंजिनाचं मत दाखवणारी पडद्यावरची पट्टी बघते, पांढरी किती आणि काळी किती. परवा तिने हत्ती देऊन छान हल्ला केला, जिंकलीसुद्धा, आणि घरी पट्टीने 'चूक' दाखवल्यावर रडली. तुमची चर्चा वाचून वाटलं, या मुलांना काय सांगावं?

पार्ल्याचा कोच

ताई, पट्टी झाका. मी खरोखर कागद चिकटवतो. आधी तिने तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची: समोरच्याचा सर्वात वाईट मोहरा कुठला, माझा सर्वात चांगला कुठला, आणि समोरचा काय करू शकत नाही. मग कागद काढायचा. आकडा तिच्या उत्तरांशी जुळला नाही तर तिथे शिकण्यासारखं काहीतरी आहे, रडण्यासारखं नाही. आणि तिला सांगा, पार्ल्याच्या सरांना तो डाव बघायचाय.

शिवाजी पार्क कट्टा

मेधाताई, माझं 'पक्कं मत' मी मागे घेतो. वजन करणारं यंत्र वेगळं होतं, हे वेगळं आहे. पण एक अडचण अजून आहे. वजीर देऊन तटबंदी केली, की समोरचा काहीच करू शकत नाही, तरी इंजिन त्याला जिंकवत राहतं. हे मी आजच्या इंजिनातही पाहिलंय.

मेधा पवई

बरोबर पाहिलंत काका, ही खरी उणीव आहे. शेवटी मोहरे अगदी कमी उरले की टेबलबेस असतात. सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थितींची अचूक उत्तरं २०१८ पासून उपलब्ध आहेत. तिथे वजीर विरुद्ध दोन घोडे हा खेळ बहुधा बरोबरीत सुटतो, हे निर्विवाद. पण पटावर पंधरा मोहरे असताना तटबंदी ओळखणं कठीण, कारण 'कधीच काही घडणार नाही' हे शोधून सिद्ध करता येत नाही.

उंटावरचा शहाणा

तिथे आकड्याची चाल बघायची. खरा फायदा असेल तर पुढे दहा-पंधरा चाली खेळल्यावर आकडा वाढत जातो. तटबंदी असेल तर दोन पॉइंट चार, दोन पॉइंट चार, दोन पॉइंट चार असा खिळून राहतो, आणि ५० चालींचा नियम जवळ आला की हळूहळू खाली येतो.

चौसष्टराव, तुम्हीही हेच करा. एका जागी इंजिन तासभर ठेवू नका. पत्राने खेळणारे करतात तसं करा: त्याच्या सर्वोत्तम चालींनी वीस चाली पुढे जा, तिथे थांबा, मग एकेक चाल मागे या. पुढचं शहाणपण इंजिनाच्या स्मृतीत राहतं आणि मागच्या स्थितीचा आकडा सुधारतो.

चौसष्ट घरं

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर रोज रात्री हेच केलं. सापडलं ते लिहितो.

१४ व्या चालीनंतर पुढे जाऊन मागे येत राहिलो. आकडा एकच्या थोडा वर स्थिरावला. म्हणजे त्यागाची किंमत मी मोजली, पण डाव गमावला नव्हता. मेधाताईंनी सांगितलेला अर्थ धरला तर बिनचूक खेळणाऱ्यांमध्येही निम्म्याच्या आसपास डाव मला वाचवता आले असते.

खरा धक्का २६ व्या चालीला बसला. तिथे मी स्वतः खूश होतो. दोन उंट, ई५-डी६ ची भिंत, त्याचा वजीर एच-पट्टीवर रेंगाळलेला. त्याआधी एक प्यादं मी परत दिलं होतं, पण त्याची मला पर्वा वाटली नव्हती. इंजिनाने दाखवलं की पांढऱ्याने तिथे वजीर परत द्यायला हवा होता: माझ्या एका हत्ती आणि उंटाच्या बदल्यात. दिला असता तर त्याचे दोन हत्ती आणि दोन घोडे विरुद्ध माझा एक हत्ती, एक उंट, दोन घोडे आणि एक प्यादं जास्त. उंटांची जोडी मोडली, आणि जी-पट्टी त्याच्या हत्तींना सुरुवातीपासून मोकळी. जो वजीर माझ्या भिंतीपुढे बेकार होता, तोच त्याने मोडीत काढून भिंत फोडली असती.

मला चाळीस चाली वाटत राहिलं की धोका त्याच्या वजिरापासून आहे. धोका होता तो वजीर सोडून देण्याची त्याची तयारी होते की नाही, याचा. त्याला ते सुचलं नाही, कारण एकदा मिळालेला वजीर हातचा सोडवत नाही.

शिवाजी पार्क कट्टा

चौसष्टराव, हे वाचून मी आत्ता उठलो आणि ते खळ लावलेलं पुस्तक काढलं. चेर्निकोवलाही कुठे वजीर परत देता आला असता का, ते बघायचंय. १५ वी चाल, घोडा डी५, हत्ती ई६. पट मांडलाय. रविवारी सकाळी साडेसातला मी नेहमीच्या बाकावर असेन, मेधाताई आणि कोचसाहेब जमलं तर या, आणि ताई, मुलीलाही आणा. फोन मात्र तासभर खिशात.

स्नेहलची आई

आम्ही येतोय काका. ती विचारतेय, वजीर दिल्यावर घोडा सी३ ला मागे का घेतला, हे सांगायला तुम्ही तिला आधी दहा मिनिटं देणार का.